सोलापुरात घरच्या पीसीवर थायरॉइडचा डोस: गेट सिम्युलेशनच्या नोंदी

मागच्या वर्षी माझ्या आत्याला थायरॉइड जास्त चालतो म्हणून पुण्याला नेऊन रेडिओआयोडीन दिलं. आयोडीन १३१ ची एक कॅप्सूल आणि ग्लासभर पाणी, बास. घरी आल्यावर काही दिवस ती माडीवर वेगळी राहिली, मी जिन्याच्या खालच्या पायरीवर ताट ठेवायचे आणि लांबूनच बोलायचो. तेव्हा तिनं विचारलं, अगं तू फिजिक्स शिकवतेस ना, मग सांग माझ्या गळ्यात नक्की किती गेलं? अकरावी-बारावीला रेडिओॲक्टिव्हिटीचा धडा दरवर्षी शिकवणारी मी, पण मला आकड्यात सांगता आलं नाही. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

या नोंदी माझ्यासारखं घरी बसून हे करून बघणाऱ्यांसाठी आहेत. पेशंटच्या बाबतीत काही ठरवायला यातलं काहीही वापरू नका, ते काम न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांचं आणि मेडिकल फिजिसिस्टचं.

९ मार्च २०२५

बारावीचे पेपर तपासायचं काम चालूच आहे, त्यामुळे फक्त रात्री वेळ मिळतो. मशीन म्हणजे भावानं आणलेला एका ऑफिसचा जुना डेस्कटॉप, सहा कोर, १६ जीबी रॅम, २१ हजारात पडला. त्यावर उबंटू टाकलं.

सॉफ्टवेअर गेट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि खालचं इंजिन जीआंट४, जे मुळात सर्नमधल्या पार्टिकल फिजिक्सच्या कामासाठी तयार झालं. कण सुटला, कुठे धडकला, किती एनर्जी सोडली, हे एकेका कणासाठी फासे टाकल्यासारखं ठरवत जायचं, याला मॉन्टे कार्लो म्हणतात.

इथे पहिले तीन दिवस गेले. मी जे ट्युटोरिअल बघून शिकत होते ते आवृत्ती ९ चं होतं, त्यात मॅक्रो फाइल लिहायच्या असतात, आणि मी टाकलेली आवृत्ती १० पूर्ण पायथॉनमध्ये आहे. जुन्या ओळी नवीनमध्ये चालतच नाहीत. मला वाटत होतं इन्स्टॉलेशन बिघडलंय म्हणून दोनदा उडवून परत टाकलं. बघताना आधी आवृत्ती बघा. दुसरं, पहिल्यांदा चालवताना ते जीआंट४ चा डेटा उतरवतं आणि तो बऱ्याच जीबीचा असतो, माझा मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक मध्येच संपला आणि फाइल अर्धवट राहिली. शेवटी कॉलेजच्या स्टाफरूममधून उतरवून घेतलं.

१६ मार्च

ठरवलं की माणसाच्या मॉडेलला हात लावायच्या आधी एक गोळा करायचा, २० ग्रॅम पाण्याचा, त्यात सगळीकडे आयोडीन १३१ पसरलेलं. २० ग्रॅम कारण प्रौढ पुरुषाच्या थायरॉइडचं आयसीआरपी या रेडिएशन सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं धरलेलं वजन तेच आहे, बाईचं १७.

आधी वहीत गणित केलं. आयोडीन १३१ च्या एका डिकेमागे, म्हणजे एक अणू फुटण्यामागे, इलेक्ट्रॉनमधून सरासरी ०.१९२ एमईव्ही (अणूंच्या हिशोबातलं एनर्जीचं एकक) मिळतात. बीटा, म्हणजे केंद्रकातून सुटलेला इलेक्ट्रॉन, शरीरातल्या ऊतीत सरासरी अर्धा मिलिमीटरसुद्धा जात नाही, त्यामुळे जवळजवळ सगळी एनर्जी गोळ्यातच राहते असं धरलं. ती जूलमध्ये बदलून ०.०२० किलोनं भागली की एका डिकेला १.५४ पिकोग्रे. पिकोग्रे म्हणजे ग्रेचा एक लाख कोटीवा भाग, आणि एक ग्रे म्हणजे एका किलोत एक जूल.

मग १० लाख डिके चालवले. उत्तर आलं बारा पिकोग्रेच्या आसपास.

रात्री साडेबारापर्यंत कोड वाचत बसले, सगळं बरोबर वाटत होतं, प्रोग्रॅमनं एकही एरर दिला नव्हता. सकाळी कणीक मळताना डोक्यात आलं की साधारण आठपट, आणि आठ म्हणजे दोनचा घन. गोळ्याची त्रिज्या १.६८ सेंटीमीटर हवी होती, मी ०.८४ टाकली होती. जुन्या जीआंट४ च्या नोट्समध्ये पेटीची निम्मी लांबी द्यायची असं वाचलं होतं, तेच डोक्यात राहून मी गोळ्यालाही निम्मं केलं. गेटमध्ये पेटीला पूर्ण लांबी आणि गोळ्याला त्रिज्या द्यायची असते. माझा थायरॉइड अडीच ग्रॅमचा झाला होता.

दुरुस्त केल्यावर १.६ आलं. वहीतल्यापेक्षा किंचित जास्त, ते बरोबरच आहे कारण ३६४ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) गामातला थोडासा भागही गोळ्यात अडकतो आणि तो मी वहीत धरला नव्हता. खूप बरं वाटलं.

वहीत आकडा नसता तर मी बारा घेऊनच पुढे गेले असते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

३० मार्च, गुढीपाडवा

आता गामा कॅमेरा, शरीरातून बाहेर येणारे गामा टिपून चित्र काढणारा. आत्याच्या फाइलमध्ये स्कॅनचं एक चित्र आहे, फुलपाखरासारखं, ते टेक्नेशियम ९९एम देऊन काढलेलं. ते कसं तयार होतं ते मला बघायचं होतं.

सोडियम आयोडाइडचा साडेनऊ मिलिमीटर जाड क्रिस्टल केला, समोर टेक्नेशियमचा ठिपका ठेवला, चालवलं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या एनर्जीचे किती गामा आले त्या आलेखात, १४० केईव्हीला काहीच नाही, सपाट. चार संध्याकाळी गेल्या. क्रिस्टलचं मटेरिअल बदललं, अंतर कमी केलं, डिटेक्टरचं नाव चुकलंय का बघितलं. आज सकाळी गुढी उभारून झाल्यावर परत बसले आणि सोर्सची ओळ मोठ्यानं वाचली: अणुक्रमांक ४३, वस्तुमानांक ९९. त्यातला 'एम' कुठंय? एम म्हणजे मेटास्टेबल, म्हणजे केंद्रक १४२.७ केईव्हीनं उत्तेजित असतं आणि ती उत्तेजनेची एनर्जी वेगळी द्यावी लागते. मी दिली नव्हती, म्हणून प्रोग्रॅमनं साधं टेक्नेशियम ९९ घेतलं. एमचं अर्धायुष्य ६ तास आणि याचं दोन लाख वर्षांच्या वर, आणि १४० चा गामा याच्यात नाहीच.

ती एनर्जी टाकली की पीक उभं राहिलं. नंतर मी आयन (म्हणजे डिके होणारा अख्खा अणू) काढूनच टाकलं आणि सरळ १४०.५ केईव्हीचे गामा सोडले, १०० डिकेमागे ८९ धरून. इमेजिंगला एवढं पुरतं आणि वेळही वाचतो. डोससाठी मात्र आयनच ठेवा.

पीक आधी सुईसारखं येतं, खरा कॅमेरा असा दिसत नाही. त्याला १० टक्के ब्लर दिला आणि १२६ ते १५४ ची खिडकी लावली, म्हणजे तेवढ्याच एनर्जीचे गामा मोजायचे.

६ एप्रिल

कॉलिमेटर. याच्याशिवाय चित्र येतच नाही, नुसता सगळीकडे सारखा उजेड. शिशाच्या जाड पत्र्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, सरळ आलेला फोटॉनच (गामाचा कण) आत जातो. मी घेतलेली मापं: भोक १.११ मिमी, मधली भिंत ०.१६, लांबी २४. खऱ्या कॅमेऱ्याचं तोंड ४० बाय ५० सेंटीमीटर धरलं तर भोकं होतात १ लाख ४३ हजार. मी ती एकेक करून ठेवायला लावली आणि रॅम भरून मशीन अडकलं, बटण दाबून बंद करावं लागलं. मग १० बाय १० सेंटीमीटरचाच तुकडा केला, सात हजारांच्या वर भोकं, थायरॉइडसाठी तेवढी पुरतात.

पुढची चूक बारीक आहे पण बघण्यासारखी आहे. षटकोन मी ३० अंशांनी फिरवून ठेवले होते. दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर १.११ अधिक ०.१६ म्हणजे १.२७. सपाट बाजू समोरासमोर असतील तर मध्ये ०.१६ ची भिंत राहते. पण टोकं समोरासमोर आली तर? षटकोनाचं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर १.२८. म्हणजे भिंत संपली आणि भोकं ०.०१ मिलिमीटरनं एकमेकांत शिरली. जीआंट४ ओव्हरलॅप म्हणून ओरडत होतं, पण स्क्रीन भरून जाते म्हणून मीच त्याच्या वॉर्निंग बंद करून ठेवल्या होत्या. पकडलं कशानं, तर काउंट जास्त येत होते म्हणून. अशा कॉलिमेटरला एका मेगाबेकरेलला (सेकंदाला दहा लाख डिके) सेकंदाला साधारण ९० काउंट, म्हणजे टिपलेले फोटॉन, यायला हवेत. भोकं झूम करून चित्र काढलं तेव्हा दिसलं. आता ओव्हरलॅपची वॉर्निंग कधीच बंद करत नाही.

९० चा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळा वेळ इथेच जातो. सोडलेल्या दहा हजार फोटॉनमधला एक पोचतो. एक कोटी चालवले तर हजार काउंट, आणि हजार काउंटमध्ये चित्र दाणेदारच दिसतं.

१३ एप्रिल

वेळ वाचवायला एक युक्ती केली. भोकातून अडीच-तीन अंशांपेक्षा तिरपा फोटॉन जातच नाही, मग सगळ्या दिशांना का सोडायचे? कॅमेऱ्याकडे १० अंशांच्या शंकूतच सोडले. १३० पट काम वाचलं. हवेतल्या ठिपक्याला उत्तम चाललं.

मग तेच १२ सेंटीमीटर व्यासाच्या पाण्याच्या मानेला लावलं आणि चित्र इतकं स्वच्छ आलं की मला आधी आनंदच झाला. पण स्पेक्ट्रममध्ये १४० च्या डावीकडे जो उंचवटा यायला हवा तो फारच कमी होता. मानेत एखादा फोटॉन मागे किंवा बाजूला निघतो, पाण्यात धडकून वळतो आणि कॅमेऱ्यात येतो, तोच स्कॅटर, तोच चित्र धूसर करतो. मी ते फोटॉन जन्मालाच घातले नव्हते. मानेसाठी परत सगळ्या दिशा चालू केल्या आणि वेळ १३० पटीनं परत आला.

२० एप्रिल

उन्हाळा. खोलीतला थर्मामीटर दुपारी ३८ दाखवतोय, सीपीयू ९५ ला जाऊन स्वतःच मंद होतोय, त्यामुळे दिवसा जे काम पाच तास घेतं ते रात्री साडेतीन तासांत होतं. केसचं एक झाकण काढून टेबल फॅन लावला, नवी पेठेतून थर्मल पेस्ट आणून लावली, २५० रुपये. आता रन फक्त रात्री दहानंतर.

रात्रीचंही सोपं नाही. गुरुवारी रात्री पावणेतीनला लाइट गेली, तेव्हा मी जागीच होते कारण पाण्याचा वार होता आणि नळ यायची वाट बघत बसले होते. सगळी खोली एकदम शांत झाली. सात तासांचा रन गेला. आठवड्यात हे तिसऱ्यांदा, मोजले तर १९ तास बुडाले. ३,२०० चा यूपीएस घेतला, पण खरा उपाय तो नाही. एक मोठा रन करायचाच नाही, वीस छोटे करायचे, प्रत्येकाची फाइल वेगळी, मग बेरीज. लाइट गेली तर एक तुकडा जातो.

२६ एप्रिल

याच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

तुकडे केल्यावर चार टर्मिनल उघडून एकाच वेळी चालवायला लागले. दोन रात्रींत ढीगभर फाइल झाल्या. बेरीज केली, चित्र उजळ झालं, पण दाणे जसेच्या तसे. मला वाटलं अजून काउंट पाहिजेत म्हणून आणखी तीन रात्री चालवलं. तरी तेच. नियम असा की काउंट चौपट केले की नॉइज निम्मा व्हायला पाहिजे, वर्गमुळाचा हिशोब आहे, त्याला अपवाद नाही.

शेवटी एकेका फाइलचे एकूण काउंट लिहून काढले.

२,४१७
२,४१७
२,४१७
२,४१७

हे बघून पोटात गोळा आला. उदाहरणातून उचललेल्या कोडमध्ये रँडम सीड, म्हणजे फासे कुठून सुरू करायचे तो आकडा, १२३४५६ असा पक्का लिहिलेला होता. सीड तोच तर फासेही तेच पडणार, प्रत्येक फोटॉन त्याच वाटेनं जाणार. मी पाच रात्री एकच चित्र परत परत छापत होते. विजेचं बिल, मशीनची झीज, माझी झोप, सगळं त्यात गेलं.

सीड 'ऑटो' केला. नवीन चार: २,३८९, २,४५१, २,४०२, २,४४०. २,४०० चं वर्गमूळ ४९, म्हणजे आकडे साधारण एवढ्या अंतरानं हलायलाच पाहिजेत, आणि तसे हलतायत. आता प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा सीड फाइलच्या नावातच लिहिते, आणि बेरजेच्या आधी दोन फाइल एकमेकींतून वजा करून बघते. शून्य आलं तर थांबायचं.

११ मे

सुट्टी लागली. आता माणूस. आयसीआरपीच्या ११० नंबरच्या प्रकाशनातले संदर्भ फँटम, म्हणजे कॉम्प्युटरवरची माणसाची मॉडेल, आहेत, एक पुरुष १७६ सेंटीमीटर ७३ किलो, एक स्त्री १६३ सेंटीमीटर ६० किलो. आत्यासाठी म्हणून स्त्री घेतली. २९९ बाय १३७ बाय ३४८, म्हणजे सव्वा कोटीच्या वर छोटे ठोकळे, प्रत्येकावर तो कुठल्या अवयवाचा त्याचा नंबर. थायरॉइडच्या वाट्याला जेमतेम हजारभर ठोकळे येतात.

फाइल वाचली तर स्क्रीनवर नुसते पट्टे, मागावर ताणा विस्कटल्यावर दिसतो तसं. अक्षांचा क्रम उलटा: फाइलमध्ये एक्स आधी पळतो, नमपायच्या (पायथॉनमधलं आकड्यांच्या कामाचं पॅकेज) ॲरेला झेड आधी पाहिजे. ते जुळवल्यावर बाई दिसली. छान दिसली म्हणून मी तीन दिवस तिच्यावर रन केले, आणि मग भाऊ मागून बघून म्हणाला, ताई, लिव्हर डावीकडे असतं का गं? आरसा झाला होता. थायरॉइड मधोमध असल्यामुळे माझ्या आकड्यात काही कळलं नसतं, पण किडनीचं कुणी काढलं असतं तर डावी-उजवी अदलाबदल. चालवायच्या आधी लिव्हर उजवीकडे आहे का आणि पाय खाली आहेत का ते बघाच.

२५ मे

अवेळी पाऊस, खोली २८ वर आली, मशीन जोरात पळतंय.

डोसचा नकाशा काढला. श्वासनलिका लालभडक! घाबरले. मग समजलं की तिथे हवा आहे, ठोकळ्याचं वस्तुमान नगण्य, एखाद-दोन इलेक्ट्रॉन गेले तरी एनर्जीला त्या वस्तुमानानं भागताना आकडा उसळतो. त्याच फाइलबरोबर अनिश्चिततेचा नकाशा मिळतो, त्यात तिथे ८०-९० टक्के होतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवूनच बघायचे.

सरासरी काढतानाही चुकले. थायरॉइडभोवती पेटी आखून तिची सरासरी घेतली, पेटीत स्नायू, हवा, कातडी सगळं आलं आणि उत्तर पाचपटीनं कमी. बाकी सगळं झाकून (मास्क करून) फक्त थायरॉइडच्या नंबरचे ठोकळे घेतल्यावर एका डिकेला १.८५ पिकोग्रे. वहीत १७ ग्रॅमला १.८१ आहे. या वेळी पहिल्यांदा दोन्ही पानं शेजारी ठेवून मी शांत झोपले.

८ जून

अशोक चौकात आत्याकडे गेले, वही घेऊन. शेजारी माग चालू होते त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं.

तिला दिलेले १० मिलिक्युरी म्हणजे ३७० मेगाबेकरेल, हे फाइलवर आहे. थायरॉइडनं ६० टक्के घेतलं आणि ते ५.५ दिवसांच्या परिणामी अर्धायुष्यानं (डिके होणं आणि शरीरातून बाहेर जाणं दोन्ही मिळून) कमी झालं, हे दोन आकडे मी धरलेले आहेत, तिचे मोजलेले नाहीत. त्यावरून एकूण डिके १५२ लाख कोटी. गुणिले १.८५, म्हणजे २८१ ग्रे.

आत्या म्हणाली, पण डॉक्टर म्हणाले होते गाठ मोठी आहे.

मी १७ ग्रॅमच्या थायरॉइडची बाई घेऊन बसले होते. तिनं ट्रंकेतून सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट काढला. उजवा लोब ६.१ बाय २.६ बाय २.३, डावा ५.८ बाय २.४ बाय २.२. तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ नं गुणलं की आकारमान, दोन्ही मिळून ३५ घन सेंटीमीटर, साधारण ३७ ग्रॅम. तिथंच वहीत केलं: डोस निम्म्याहून कमी.

घरी येऊन फँटम बाजूला ठेवला आणि या मापांचे दोन लंबगोल करून चालवले, पावणेदोन तास लागले. ०.८८ पिकोग्रे. १५२ नं गुणून १३४ ग्रे.

रात्री तिला फोन केला. १३४ म्हणजे जास्त का कमी, तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, ३७ ग्रॅममध्ये १३४ ग्रे म्हणजे सगळे मिळून ५ जूल गं, चमचाभर पाणी पाव डिग्रीसुद्धा तापणार नाही, पण ते पेशीच्या आत डीएनएजवळ पडतात म्हणून एवढं काम करतात. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, चमचाभर पाणी. आणि ६० टक्के धरलेस ते माझं खरं किती होतं, तो कागद पण असेल बघ कुठेतरी, उद्या ट्रंक परत काढते.